आबांची लिनक्स

धुळ्यात आमच्या शेजारी कोर्टातले एक टायपिस्ट आबा राहायचे. कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत फुकट आलेल्या, विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्सच्या तऱ्हेतऱ्हेच्या सीडी त्यांच्याकडे इतक्या, की गच्चीवर मांडल्या असत्या तर सोनगीरच्या किल्ल्यावर कवडसे पडले असते. घरच्या कॉम्प्युटरवर त्यातली कोणती टाकायची, हे तीन वर्षं ठरत होतं. तेवढ्यात गल्लीतल्या चार मुलींची लग्नं जुळली.

“बठ्ठं फुकट शे, भाऊ!” आबा अहिराणीत म्हणायचे. “सगळंच फुकट, पण निवड चुकायला नको.”

एकदा मी थट्टेनं आबांच्या टेबलावरचं क्रोशाचं झाकण उचललं. खाली नुसता कीबोर्ड होता, बोटांनी अक्षरं झिजलेला; वायर कशालाच जोडलेली नव्हती.

“कॉम्प्युटर दिवाळीला येणार शे,” आबा हळूच म्हणाले.

कुठल्या दिवाळीला, हे मी विचारलं नाही. “मग आबा, टाकायची कोणती?” एवढंच म्हटलं. त्यांनी लगेच माझ्यासाठी खुर्ची पुसली.