चावीवाल्या काकांचा अर्ज

चावीवाले काका तीस वर्षं जलवाहिनीच्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडत होते. मग गावाबाहेर एआयच्या संगणकांची अवाढव्य इमारत उभी राहिली आणि ती यंत्रं थंड ठेवायला आधी तिकडे पाणी सोडण्याचा हुकूम आला. काकांनी निमूटपणे चावी फिरवली. काकूंची रोपवाटिका डोळ्यांदेखत वाळून गेली.

"घरच्याच माणसानं पाणी तोडलं," एवढंच त्या बोलल्या.

काकांनी अर्ज केला, की यंत्रांना शुद्ध केलेलं सांडपाणी द्या. साहेब हसले, पण काका खेटे घालत राहिले. तीन वर्षांनी अर्ज मंजूर झाला, तेव्हा ते धापा टाकत घरी आले.

"अगं, पाणी येणार!"

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "पण पुन्हा रोपं लावायची उमेद कुठून आणू?"

काका तिथंच पायरीवर बसले.