हाशी म्हणजे पूल

माझ्या लहानपणातले सगळ्यात जास्त तास ज्या खेळावर गेले, त्याचं नाव मला माहीत नाही. कॅसेटवर ते छापलेलं होतं, पण जपानी चित्रलिपीत. पिवळ्या प्लॅस्टिकची कॅसेट, तिच्यावर गवताची टोपी घातलेला म्हातारा आणि मागं निळा डोंगर. आता असले जुने, कुणाला ठाऊक नसलेले जपानी खेळ हुडकून संगणकावर खेळणारी माणसं जगभर आहेत. मीही त्यांच्यातलाच. शेकड्यांनी खेळ चाळले, हा सापडला नाही. ज्याला नाव ठाऊक असेल असा एकच माणूस मला माहीत आहे आणि त्याला विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही.

आमचं घर सोनईला. वडील आणि काका एकत्र. ऊस आणि पेठेत खता-बियाण्यांचं दुकान. मी नववीत असताना वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे वडील बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेले. तो माझ्याशेजारी बसला, कारण शेजारी जागा रिकामी होती. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला विचारलं, "तुझ्याकडे व्हिडिओ गेम आहे?"

नव्हता. पण गावात दोघातिघांकडे होता. नगरहून आणलेल्या कॅसेटी. वर 'शंभर खेळ' लिहिलेलं आणि आत सात-आठच, तेच ते नावं बदलून. गोळ्या झाडायच्या, उड्या मारायच्या, मरायचं. मी त्यावरच खूश होतो.

त्याच्याकडचं प्रकरण वेगळं होतं. त्याचा मामा मालवाहू जहाजावर नोकरीला. जपानच्या बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं भाच्यासाठी चपलांच्या खोक्यात भरून कॅसेटी आणल्या होत्या. त्या आपल्याकडच्या मशिनमध्ये बरोबर बसायच्या. त्यातली ही पिवळी.

पहिल्या दिवशी मी वैतागलो. "ह्यात मारामारी कुठं हाय?"

"नाहीये," तो म्हणाला. "म्हातारा गावोगाव जातो. पुरानं पूल वाहून गेलेत, ते परत बांधतो. एवढंच."

"मंग मजा काय?"

"बघ तरी."

मी बघत राहिलो. म्हातारा चालायला लागला की त्याची काठी जमिनीवर टेकायची आणि टक् असा बारीक आवाज यायचा. एका गावात बर्फ पडत होतं. तिथं गेलं की सगळी वाद्यं थांबून एकच सूर उरायचा, थंडीत कुणी एकटं गुणगुणावं तसा. मोजून चार-पाच रंग, पण संध्याकाळ झाली की नदीचं पाणी आधी तांबूस आणि मग काळं व्हायचं. बर्फ मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या पडद्यावर मला ते पहिल्यांदा कळलं.

अडचण एकच. गावातली माणसं बोलायची ते सगळं जपानीत. कुठं लाकूड मिळेल, कुणाला काय हवंय, काही समजायचं नाही. मामानं सुट्टीत आल्यावर जपानी अक्षरांचा एक तक्ता काढून दिला होता, प्रत्येक अक्षरापुढं देवनागरीत उच्चार. माझ्या मित्रानं तो दुरेघी वहीत उतरवून घेतला आणि एका दुपारी एकदम ओरडला, "अरे, का, की, कू, के, को! ही तर बाराखडीच आहे!"

मग आम्ही सुटलोच. तो पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायचा, मी लिहून घ्यायचो. अर्थ मात्र ताडून काढावा लागायचा. विहिरीजवळ आणि नदीजवळ एकच शब्द येतो, मिझु. म्हणजे पाणी असणार. तुटलेल्या काठावर प्रत्येक जण हाशी म्हणतो. म्हणजे पूल. होकाराला 'हाय' म्हणतात हे कळल्यावर मी हसून लोळलो. "आरं, हे तर आपल्यासारखंच बोलत्यात!" शब्द लावायची खरी अक्कल त्याची. माझं अक्षर बरं, म्हणून मी लिहिणारा.

लाईट कधीही जायची. त्यामुळे थांबताना खेळ वीस-बावीस अक्षरांचा एक संकेत द्यायचा, तो उतरवून घ्यायचा. एका अक्षराच्या खांद्यावरच्या दोन बारीक रेघा राहिल्या की दुसऱ्या दिवशी म्हातारा पहिल्या गावात. असं दोनदा माझ्यामुळे झालं. तो रागावला नाही. "परत जाऊ," एवढंच म्हणाला.

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्याची आई शाळा सुटल्यावर आम्हाला पोहे द्यायची आणि आम्ही जपानी बोलायला लागलो की हसून हात जोडायची. माझ्या घरी मी कुठं जातो हे ठाऊक होतं. आई एकदा एवढंच म्हणाली, "जा, पण काकांपुढं फार बोलू नको." मी का म्हणून विचारलं नाही. मला का ते माहीत होतं.

दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा टीव्ही बिघडला. आम्ही शेवटच्या पुलापाशी होतो, सगळ्यात रुंद नदीवर. मीच म्हणालो, "आमच्याकडं आण मशिन. रंगीत टीव्ही हाय."

त्यानं विचारलं, "चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

रविवारी दुपारी तो पिशवीतून मशिन घेऊन आला. आमच्या सोप्यात काका आणि त्यांच्याकडे आलेले दोन पाहुणे पान खात बसलेले. त्यांनाही करमणूक हवीच होती. आम्ही वायरी जोडल्या. म्हातारा नदीकाठी उभा राहिला, नावाडी बोलायला लागला आणि माझ्या मित्रानं सवयीनं मोठ्यानं वाचलं.

एक पाहुणा पुढं सरकला. "ह्ये काय वाचतंय पोरगं?"

"जपानी," मी म्हणालो. छाती माझीच फुगली होती.

"आयला! लई हुशार हाय की. कुनाचं रं तू?"

त्यानं वडिलांचं सांगितलं, बँकेतलं. पाहुण्यानं आडनाव विचारलं. त्यानं आडनाव सांगितलं. पाहुणा "अस्सं" म्हणाला आणि मागं टेकला.

काकांनी पान गालात सरकवलं. "आरं बाबा, तू कशाला एवढं डोकं शिनवतो? तुला तर जागा राखूनच ठेवलीय सरकारनं. डोकं आमच्या पोरांनी लावायचं!"

पाहुणे हसले. काका हसले. आणि मी हसलो.

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःला वेगळंच सांगत आलो. मी घाबरून हसलो नाही. मोठ्यांचा मान राखायला म्हणूनही नाही. त्या सोप्यात, आमच्या माणसांमध्ये बसून तो विनोद क्षणभर मला खरोखर आवडला. दीड वर्षं त्याच्या अकलेपुढं मी लिहिणाराच होतो. त्या एका वाक्यानं आम्ही बरोबरीचे झालो, नव्हे, मी वर गेलो, असं वाटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. फार नाही, जेमतेम. मग खेळ थांबवला, तो संकेत स्वतःच्या हातानं वहीत उतरवला, पुन्हा एकदा ताडून पाहिला. बटण बंद केलं. वायरी एकेक करून गुंडाळल्या. आईनं आतून चहा आणला तेव्हा तो चपला घालत होता. "काकू, नको, उशीर होतोय," म्हणाला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा तो दुसऱ्या बाकावर बसला होता. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. गणिताची वही मागितली तर द्यायचा. मी मनाशी म्हणायचो, बोलले काका, मी कुठं बोललो? माफी मागायला त्याच्या घरापर्यंत दोनदा गेलो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. मग वडिलांच्या मागं लागून नगरहून स्वतःचं मशिन आणवलं. शंभर खेळांची कॅसेट. आठवडाभर गोळ्या झाडल्या आणि ते माळ्यावर टाकलं.

दहावीला तो शाळेत पहिला आला. पेढे दुकानात पोचले तेव्हा काका म्हणाले, "त्यांचं काय, त्यांचं सोपं असतं." बोर्डाच्या पेपरात कुणाची जात बघून गुण देत नाहीत, हे तिथं बसलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही. मला सुचलं, मी पेढा खाल्ला. मला जेमतेम पन्नास टक्के होते. एका कॉलेजच्या संस्थाचालकांशी काकांची ओळख होती. त्यांनी एक फोन केला आणि यादी लागायच्या आधीच माझा प्रवेश झाला. राखून ठेवलेली जागा माझीच होती. तिच्यावर कुणी विनोद केला नाही.

बारावीच्या वर्षी त्याच्या वडिलांची पुण्याला बदली झाली. सामान टेम्पोत भरताहेत असं कळलं आणि मी दप्तरासकट सायकल काढली. आता सांगायचंच, असं ठरवून गेलो. दारात त्याची आई भेटली. तिनं नेहमीसारखं आत बोलावलं, गॅस बांधला गेला होता तरी शेजारून चहा मागवला. तो आतून एक पेटी घेऊन आला. मला पाहून पेटी खाली ठेवली.

"बसा ना," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यात कुचकेपणा नव्हता. बँकेत आलेल्या गिऱ्हाइकाशी त्याचे वडील बोलायचे, तसं तो बोलला होता.

सायकलवर जुळवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी विचारलं, "तो शेवटचा पूल झाला का?"

"झाला."

"मंग? पुढं काय होतं?"

त्यानं थोडा विचार केला, सांगावं की नाही असा. "बरंच काही होतं," तो म्हणाला. "तुम्ही चहा घ्या, गार होईल." आणि पेटी उचलून टेम्पोकडं गेला.

मी चहा प्यायलो. त्याच्या आईला नमस्कार केला. ती म्हणाली, "येत जा रे पुण्याला कधी," आणि पत्ता द्यायला कागद शोधू लागली. कागद सगळे बांधले गेले होते. मीही माझ्या दप्तरातला काढून दिला नाही.

घरी आलो तर काका ओट्यावर बसलेले. "गेले का ते बँकवाले?"

"गेले," मी म्हणालो.

"माणूस सरळ होता पण," काका म्हणाले. "कर्जाच्या कामाला कधी अडवलं न्हाई."

मी व्हय म्हणालो आणि जेवायला आत गेलो.