विश्राम काय म्हणाला होता

विश्राम भुवड गेल्याचं पत्र मला मुहर्रकला मिळालं तेव्हा त्याचं बारावं-तेरावं सगळं उरकून गेलं होतं. दाभोळच्या खाडीकाठच्या त्याच्या गावाहून निघालेलं पाकीट बहारीनला पोचायला तेवढे दिवस लागतातच. पत्र त्याच्या मुलाने, संतोषने लिहिलं होतं. ‘बाबा छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या डायरीत पहिला पत्ता तुमचा होता, म्हणून कळवतो आहे.’ मी ऑफिसात उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत स्पेअर पार्टच्या याद्या टाइप करत बसलो. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण खोटं कशाला सांगू... त्याच्याही आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. ती गोष्ट माहीत असलेला माझ्याशिवायचा एकमेव माणूस गेला होता. ज्याच्या मरणाने आपल्याला असं वाटलं, त्याच्यावर लेख लिहायला बसणं हा तसा निर्लज्जपणाच आहे.

मी वसईचा रुमाव, म्हणजे तिकडचा ख्रिस्ती. इंग्रजी आणि टायपिंग एवढ्या भांडवलावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आलो आणि अबू जासिम नावाच्या बहारीनी माणसाच्या गॅरेजात क्लार्क म्हणून चिकटलो. दोन वर्षांत अरबी बोलायला लागलो आणि त्याची मला चांगलीच घमेंड चढली. विश्रामला मीच आणलं. तो माझगावला लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. मालकाला मेकॅनिक हवा होता, मी नाव सुचवलं, व्हिसा आला. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मासे तो करायचा, भांडी मी घासायचो. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “दोन नंबरचा वॉल्व वरडतोय.” उघडून बघावं तर तोच निघायचा. मी त्याला मॅगझिनमधली गाड्यांची माहिती वाचून दाखवायचो, तर हसायचा. “रुमाव, तुमी कागदावरचं मेक्यानिक.” मीही हसायचो, पण ते मला लागायचं.

अबू जासिमचा जीव दोन गोष्टींत. मुलगा जासिम आणि शिकारीचा ससाणा. हिवाळा लागला की लाँचवर गाड्या चढवून तो माणसं घेऊन समोर सौदीच्या किनाऱ्यावर खोबरला उतरायचा आणि तिथून आत वाळवंटात हुबारा पक्ष्याच्या शिकारीला जायचा. आता पूल झालाय, तेव्हा तो नव्हता. ससाण्याची शिकार म्हणजे बंदूक घेऊन दबा धरणं नव्हे. पक्षी सोडला की तो जाईल तिकडे मागोमाग गाडी दामटायची. गाडी मागे पडली तर ससाणा हातचा गेला, पुन्हा दिसायचा नाही. हे मला आज नीट कळतं. तेव्हा मी शिकारीला कधी गेलोही नव्हतो.

त्या वर्षी त्याला शिकारीसाठी जुनी पिकअप घ्यायची होती. सनद नावाच्या गावात एका अंगणात दोन उभ्या होत्या. एक पांढरी, सोळाशे सीसीची, चार सिलिंडरची, आतून-बाहेरून लख्ख. दुसरी सहा सिलिंडरची, चार हजारांच्या वर सीसीची, रंग उडालेली, दाराला पोचे पडलेली. आदल्या दिवशी कॉफी पिताना मी मालकाला ऐटीत सांगून बसलो होतो की जमाना बदललाय, नव्या लहान इंजिनांत मोठी ताकद असते, पांढरीच घ्या. मालक खूश झाला. म्हणाला, “छान. उद्या विश्रामचं मत घेऊ. त्याचा शब्द शेवटचा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सनदला गेलो. विश्रामने दोन्ही गाड्या चालू करून घेतल्या, स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकल्या, खाली शिरून बघितल्या. अबू जासिमला हिंदी येत नव्हतं आणि विश्रामची अरबी ‘यल्ला’, ‘खलास’, ‘मफी’च्या पुढे फारशी गेली नव्हती. मालकाने मला विचारलं, विश्राम काय म्हणतो? मी विश्रामला विचारलं. हात पुसत तो म्हणाला, “सांगा त्येला, ही बारीक गाडी नको. पान्याची पिंपं, तंबू, मानसं, येवढा बोजा घेऊन रेतीत शिरली का बसंल. ती सहा शिलिंडरवाली घ्या. पेट्रोल जास्त खाईल, पन भायेर काडील.”

मालक माझ्याकडे बघत होता. काल मी मारलेली फुशारकी त्याला आठवत असणार, असं मला वाटलं. मी म्हणालो, “विश्राम म्हणतो, सगीर.” म्हणजे लहान.

एवढंच. एक शब्द. मालकाने मान हलवली आणि पांढऱ्या गाडीच्या छतावर थाप मारली. विश्रामने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हात पुसायला लागला. मी स्वतःची समजूत घातली की त्याला कळलं नाही. पण गॅरेजात दिवसभर लहान पाना, मोठा पाना मागताना सगळे ‘सगीर’, ‘कबीर’ म्हणूनच ओरडायचे, आणि ते पाने हातात देणारा-घेणारा विश्रामच होता. त्याला कळलं नाही हे मला मानायचं होतं, म्हणून मी मानलं.

पुढचे दहा दिवस तो त्या पांढऱ्या गाडीच्या मागे लागला. नवी क्लच प्लेट बसवली, पंखा बदलला, रेडिएटर धुतला. निघायच्या दिवशी मागच्या हौद्यात दोन जाड फळ्या आणि फावडं टाकलं. मी विचारलं, “हे कशाला?” तर म्हणाला, “असूंदेत. रेती हाय.” मालकाने त्याला सोबत नेलं होतं. आठवड्याने सगळे परत आले तेव्हा अबू जासिमचा हात रिकामा होता. तिसऱ्या दिवशी हुबारा उठला, ससाणा सोडला, पिकअप मागे धावली आणि मऊ वाळूच्या चढावर बसली. क्लच जळाला. विश्राम फळ्या लावून, फावडं मारून गाडी काढेपर्यंत आभाळात काही उरलं नव्हतं. दोन दिवस शोधलं, ससाणा मिळाला नाही.

मालक ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ऑफिसात बसून तो मला म्हणाला, “त्याला सांग, तुझ्या शब्दावर मी गाडी घेतली आणि माझा पक्षी गेला.” मी सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द लावून, अगदी बरोबर सांगितलं. विश्राम माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर मी मान्य केलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. तो म्हणाला, “सांगा त्येला, चुकलं माजं.”

आणि मी तेही अरबीत सांगितलं.

पंधरवड्यात त्याचा व्हिसा रद्द झाला. त्याला विमानतळावर पोचवायला मीच गेलो. आत जाताना त्याने मला मसाल्याची बरणी कुठे ठेवलीय ते सांगितलं, बाकी काही नाही. मनामाच्या चर्चमध्ये मी पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून कबुली दिली की मी खोटं बोललो. कुणाबद्दल, कशापायी, ते सांगितलं नाही. त्यांनी थोड्या प्रार्थना सांगितल्या, त्या मी म्हटल्या. इतकं स्वस्तात सुटता येत नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

विश्राम पुन्हा आखातात आला नाही. गावी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. दोन वर्षांपूर्वी रजेवर गेलो असताना पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. पडवीतच त्याचं दुकान. दारावर पत्र्याची पाटी, हाताने रंगवलेली: ‘इंजिनाचा सल्ला समक्ष मिळेल. मधे माणूस नको.’ मी ती वाचली, परत वाचली. विश्राम मला वाचताना बघत होता. मग म्हणाला, “च्या घ्या रुमाव, निवल.” मी चहा घेतला. माशांबद्दल बोललो, जासिमच्या लग्नाबद्दल बोललो आणि संध्याकाळच्या एसटीने निघून आलो. त्यालाही सोपं जावं म्हणून गप्प राहिलो, असं एसटीत स्वतःला पटवत होतो. सवयच झाली होती.

पत्र आल्यावर रजा काढून गेलो. आता पडवीत संतोष बसतो. बापासारखाच तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावतो. म्हणाला, “काका, ही पाटी काढू का? लोक विचारतात, असं का लिहिलंय. बाबांनी कधी सांगितलं नाही.” मी उभा होतो, तो खाली बसलो. आणि सगळं सांगितलं. सनदचं अंगण, दोन गाड्या, ‘सगीर’, ‘चुकलं माजं’... काही गाळलं नाही. वाटलं, हा आता उठून मला घराबाहेर काढेल. तो हातातल्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ फडक्याने पुसत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बाबा चुकले नव्हते.”

विश्रामने घरातही तेच सांगितलं होतं! बायकोला, पोराला, सगळ्यांना. ‘इंजिन सांगताना चुकलो, म्हणून परत आलो.’ माझं नाव त्याने स्वतःच्या चुलीपाशीसुद्धा काढलं नव्हतं. संतोषने आत हाक मारली, “आई, बाहेर ये. काका काय सांगतायत ते ऐक.” वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

त्या रडल्या नाहीत. पाटीकडे बघत म्हणाल्या, “आमाला सांगून काय व्हनार, भावोजी? गावात आजून बोलतात, इंजनातलं कळलं नाय म्हनून भुवडाला अरबानं हाकलला. तुमी पेपरात लिवता ना तिकडचं कायबाय? मंग ह्ये लिवा.”

पाटी तिथेच आहे, मीच राहू दे म्हटलं. आणि सनदच्या त्या अंगणात मालकाने मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे देतो आहे. विश्राम म्हणाला होता: लहान गाडी घेऊ नका, रेतीत बसेल. मोठं इंजिन घ्या.