वजनासाठी धरलेला उपास

मी देव मानतो, पण बरीच वर्षं मी देवीशी वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलावं तसाच बोलत आलो. पाय जुळवायचे, अर्ज द्यायचा आणि मंजुरीची वाट बघायची. सतरा वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ रेजिमेंटच्या बॉक्सिंग संघात. त्यामुळे अंगात शिस्त होती आणि शिस्तीपेक्षा मिजास जास्त होती. आपण ठरवलं की होतं, ही खात्री. ती खात्री औंधच्या यमाईच्या डोंगरावर, नवरात्रातल्या अष्टमीला, पायऱ्यांवरच उतरली. घडलं तसं लिहितो. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

विट्याजवळ माझा बॉक्सिंगचा क्लास आहे. आमचं सगळं खानदान तालमीतलं. मी पहिल्यांदा हातमोजे घातले तेव्हा वडील वैतागून म्हणाले होते, "आरं, कुस्तीत पाठ टेकती. ह्या तुझ्या खेळात डोकं जातंय." पुढं फौजेतल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत. मोजे मारणाऱ्याचा हात वाचवतात, मार खाणाऱ्याचा मेंदू नाही. नारळ जोरात हलवला की करवंटी शाबूत राहते, आतलं पाणी मात्र हेलकावतं. डोक्याला घालायच्या टोपीनं कातडं फाटत नाही, पण आतला हेलकावा काही थांबत नाही. हे सगळं मला पाठ होतं आणि क्लासमधल्या मुलांकडूनही मी ते पाठ करून घ्यायचो. फक्त स्वतःच्या पोरीच्या वेळी विसरलो.

माझी ऋतुजा एकोणीस वर्षांची. डावखुरी, चपळ आणि माझ्यासारखीच हट्टी. दसऱ्यानंतर लगेच राज्य संघाच्या निवडचाचण्या होत्या आणि तिला अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायचं होतं. वजन भरत होतं पन्नासच्या वर. नवरात्र आलं आणि मला युक्ती सुचली. घरात तिच्या आईचे नऊ दिवसांचे उपास दरवर्षी असतातच. मी म्हणालो, "ऋतू, तूपण धर. वजन उतरंल आणि कुणी जेव जेव म्हणून मागं लागणार न्हाई." झालं! भाकरी बंद, भात बंद, पाणीसुद्धा मोजून. आळीतल्या बायका तिच्या कपाळाला कुंकू लावून म्हणायच्या, एवढ्याशा वयात केवढी भक्ती. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. देवीच्या नावावर मी खोटं बोलत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

त्याहून मोठं खोटं दुसरंच होतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सरावात तिला कानशिलावर एक जबर ठोसा बसला. ती खाली बसली. डोळे क्षणभर कुठंतरी लांब बघत होते. मग उठली आणि म्हणाली, "कायबी न्हाई झालं, पप्पा." अशा वेळी खेळाडूला निदान महिनाभर रिंगणाबाहेर बसवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, हा नियम मी दुसऱ्यांच्या पोरांना डोळे वटारून पाळायला लावलेला. पण महिना बसवलं तर चाचणी गेली. मी क्लासच्या दुखापतींच्या वहीत काही लिहिलं नाही आणि घरीही बोललो नाही. चौथ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. तिची आई काळजी करायला लागली तर मीच म्हणालो, उपासानं दुखतंय. पोरगीही तेच म्हणायला लागली. सहाव्या दिवशी ती ओकली. तेही आम्ही पित्तावर ढकललं.

अष्टमीला सकाळी तिला औंधला घेऊन गेलो. घरी सांगितलं दर्शनाला जातोय, पण मनात होतं की डोंगर चढवून अर्धा किलो घाम काढायचा. तिच्या अंगात प्लास्टिकचं जाकीट होतं. मी पुढं, ती मागं. निम्म्या वाटेवर ती अडखळली, सावरली आणि पुन्हा अडखळली. मी वळून ओरडलो, "पाय उचल!" पायरीवर एक बाई दम खात बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, विटकरी लुगडं, हातात पाण्याची बाटली. त्यांनी ऋतुजाला हाताला धरून खाली बसवलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. ती घटाघटा प्याली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच आलं की चारशे ग्रॅम वाढले!

मी जरा रागानंच म्हणालो, "उपास हाय तिचा. अशक्तपणा आलाय, दुसरं काय न्हाई."

बाई माझ्याकडं न बघता तिच्या पायांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "आवं दादा, उपासानं दोनी पाय जड पडत्यात. हिचा डावाच तेवढा कसा वडतोय? तुमी खालनं येताना मी बघतीया."

 मी तिचा कोच, तिच्या पायांच्या हालचालीवर दहा वर्षं माझी नजर, आणि मला ते दिसलं नव्हतं. माझी नजर वजनकाट्यावर होती ना! बाईंनी विचारलं, "डोस्क्याला कुटं लागलंय का हिच्या?"

मी म्हणालो, "न्हाई."

इतक्या वर्षांची सवय, तोंडातून पटकन निघून गेलं. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोललासा तर चालंल. वर बसलीया तिच्याशी नगा बोलू."

वरून घंटेचा आवाज येत होता. ऋतुजा मान खाली घालून बसली होती आणि डाव्या हातानं जाकिटाची चेन उघडायचा प्रयत्न करत होती. बोटं नीट धरतच नव्हती.  मी त्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ठोसा, वही, उपास, अगदी सगळं. इतक्या वर्षांत देवीच्या डोंगरावर मी अनेक अर्ज केले होते, पण खरं असं त्या दिवशीच बोललो. दर्शन न घेताच आम्ही खाली उतरलो. पोरीला मी पाठीवर घेतली होती आणि बाई मागून तिला आधार देत होत्या.

बाई आमच्या गाडीत बसून आमच्याबरोबर साताऱ्याला आल्या. वाटभर त्यांनी ऋतुजाला झोपू दिलं नाही. शाळा कुठली, मैत्रिणी कोण, चहा कसा आवडतो, विचारत राहिल्या. इस्पितळात तपासणी झाली. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं आणि मेंदूवर दाब येत होता. डॉक्टर म्हणाले, लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल. याच अवस्थेत रिंगणात उतरली असती आणि एक साधा ठोसा बसला असता, तर मुलगी हाती लागली नसती. मी कागदावर सही केली. बाहेर बाकड्यावर बसलो तेव्हा नवस बोलायला तोंड उघडलं, पण नवस काही बोललो नाही. शेवटी एवढंच म्हणालो, आई, आजवर मी पुढं चाललो, आता तू चाल. त्यानंतर मन का कोण जाणे, शांत झालं.

शस्त्रक्रिया नीट झाल्याचं कळलं तशा बाई उठल्या. मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "ताई, तुमच्या रूपानं देवीच आली." त्यांनी मला हाताला धरून उठवलं. "देवी कसली वो. माझा ल्योक मोटरसायकलीवरनं पडला हुता. उठला, घरी आला, जेवला. रात्री म्हणाला डोकं दुखतंय, म्या म्हणलं झोप जरा. तो उठलाच न्हाई. पाय वडत हुता, मला कळलं न्हाई. तवापासनं दर अष्टमीला डोंगरावर येती न् देवीला इचारती, मला का न्हाई सांगितलंस." मग त्या म्हणाल्या, "आज इचारायचं ऱ्हाऊनच गेलं." आणि डोळे पुसून एसटी पकडायला गेल्या.

देव कुणाला कसा सांगतो आणि कुणाला का सांगत नाही, हे मला आजही कळत नाही. कळतं असं म्हणण्याचं धाडस त्या बाईंना भेटल्यावर मी करणार नाही. एवढं मात्र पक्कं की मी हट्टानं धरून ठेवलेलं सोडलं, तेव्हाच पोरीला वाचवायला कुणाचा तरी हात पोचला. क्लास आजही चालतो. डोक्याला लागलं की वहीत नोंद होते आणि खेळणारा बाहेर बसतो, मग चाचणी कुठलीही असो.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी ऋतुजा उशीला टेकून बसली. डोक्याचे केस काढलेले. तिनं विचारलं, "पप्पा, मी परत कवा खेळणार?" मी म्हणालो, "आता न्हाई, बाळा. कधीच न्हाई." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला मान वर करवेना. मग ती रडली, ओरडली, "तुमीच लपवलं, तुमीच!" आणि सगळ्या जोरानं मूठ गादीवर आपटली. डाव्या हाताची मूठ होती ती. पाचही बोटं घट्ट मिटलेली. ती मला बोलत होती ते सगळं खरं होतं, आणि मी त्या मुठीसमोर हात जोडून रडत बसलो होतो.