ठोठावा!

आमची ताई गोष्ट सांगायला लागली की पोरंच काय, त्यांचे मास्तरही आ वासून ऐकायचे. बाबांची जुनी बेकरी आता दंगलीचं स्मारक झालीय. ताई तिथे शाळांच्या सहलींना सगळं दाखवते; मी तिकीट खिडकीवर बसतो आणि तिच्या नाटकीपणाला हसतो. नाटकीपणा म्हणजे, पोरांना बाहेर उभं करायचं, स्वतः आतून कडी घालायची आणि ओरडायचं, "ठोठावा!" त्या रात्री सगळ्या जातिधर्मांची माणसं अशीच ठोठावत होती म्हणे. मग दार सताड उघडून, "या, सगळे या!" हे बाबांचे शब्द. पोरं टाळ्या पिटत आत घुसायची आणि खिडकीत माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

परवा एका शाळेबरोबर त्यांच्या निवृत्त बाई आल्या होत्या. सगळ्यांनी दार बडवलं, त्या मात्र हाताची घडी घालून उभ्या.

"काय बाई, हात दुखतो का?" ताईने दार उघडून चेष्टेने विचारलं.

"मी ठोठावलंय पूर्वी. लहान होते. तुमच्या वडिलांनी आतून नाव विचारलं, माझ्या दादाने सांगितलं. दार उघडलं नाही. दादा इथेच, या पायरीवर गेला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भलतंच काय बोलता? माझ्या बापाने माणसं वाचवलीत!"

"वाचवली ना," बाई म्हणाल्या. "तुमची."

ताई कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. पोरांना आत घ्यायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी घरी आई शेंगा सोलत बसली होती. ताईने चप्पलही न काढता विचारलं, "आई, बाबांनी त्या रात्री नावं विचारली होती?"

नाही म्हण गं, मी मनात धावा करत होतो.

"मग? कुणालाही आत घ्यायचं?" आईने मानसुद्धा वर केली नाही. "तू पाळण्यात होतीस."

म्हणजे गोष्ट आजवर सांगितली ती आत घेतलेल्यांनीच. आई शेंगा सोलत राहिली. मला तिचा राग आला, आणि तिच्याकडे बघायची भीतीही वाटली.

आज ताई रजा टाकेल असं वाटलं होतं. ती आली. नवी शाळा, नवी पोरं. कडी घातली. "ठोठावा!"

पोरांनी दार दणाणून सोडलं.

"नाव काय?" आतून ताईचा आवाज आला.

पुढच्या मुलीने हसत नाव सांगितलं. दार उघडलं नाही. दुसरीने सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं. हसू विरलं. एक पोरगी रडवेली झाली आणि त्यांचे सर माझ्याकडे बघायला लागले.

मी धावत जाऊन दारावर थाप मारली. "ताई, पुरे झालं! मी आहे, उघड!"

"नाव काय?"

नाव सांगितलं असतं, तर दार उघडलं असतं. ते माझ्या तोंडातून निघेना.