कोचिंग, पण कोणत्या विषयाचं?

बीडमध्ये झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. तिथं मी लाइफ कोचिंग करते. लोक येतात, बोलतात, हलके होऊन जातात आणि किस्से माझ्याकडेच ठेवून जातात. आता इतके साठलेत की चहाला बसलं की मैत्रिणी आधी तेच मागतात. ज्यांचे आहेत त्यांना विचारून, नावं बदलून सांगते.

*

सुरुवातीला नांदूरघाटचे एक गृहस्थ बारावीतल्या मुलीला घेऊन आले. पाटीवर 'कोचिंग' एवढंच वाचलं होतं. फिजिक्सला कोण आहे, बॅच किती मुलांची, असं विचारू लागले. मी सांगितलं, इथं विषय शिकवत नाहीत. मी सल्लाही देत नाही. प्रश्न विचारते, ऐकते. समोरच्याला काय हवंय ते त्याचं त्यालाच सापडावं, आणि ठरवलेलं त्यानं करावं, एवढ्यासाठी सोबत असते.

ते गोंधळले. "मंग शिकवायचं कोणी?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, शिकवायला लई जण हायेत. ऐकायला कोणीच न्हाई."

ते खुर्चीत टेकले. पुढचा तासभर तीच बोलली आणि वडील ऐकत होते. मी एकही प्रश्न विचारला नाही.

*

कड्याचे देशमुख काका नोकरीतून रिटायर झाले आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकावर सुपरवायझर झाले. फोडणी आता का, मीठ आधी का, दिवसभर तेच. काकूंनीच त्यांना माझ्याकडे धाडलं.

काका पहिल्यांदा म्हणाले की मला काही प्रॉब्लेम नाही, हिला आहे. मी विचारलं, नोकरीच्या आधी कशात रमायचात? मग विहिरीतल्या पोहण्याबद्दल असे बोलायला लागले की थांबेचनात. गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं त्यांनी तिथंच ठरवलं.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. मला वाटलं, काका कसे आहेत ते सांगतील.

"मॅडम, लई उपकार झाले," त्या म्हणाल्या. "आता माझी भाजी मला करू देतेत."

*

चकलांब्याच्या सुनंदाताई शिक्षिका. कुणालाच 'नाही' म्हणता यायचं नाही. शाळेतली जास्तीची कामं, भावकीतली लग्नं, सगळं त्यांच्या गळ्यात. आम्ही खोलीत 'नाही' म्हणायचा सराव करायचो. त्या इतक्या हळू म्हणायच्या की होकारच वाटायचा.

एकदा मी महिलांचा कार्यक्रम ठेवला आणि सहज त्यांना म्हटलं, तुम्ही भाषण कराल का?

"न्हाई मॅडम, जमणार न्हाई."

बोलून गेल्या आणि स्वतःच घाबरल्या. मग दोघी इतक्या हसलो की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. मला आजवर मिळालेला तो सगळ्यात गोड नकार.

*

आणि हे शिवाजीराव. एसटीचे ड्रायव्हर. समोरून भरधाव आलेली जीप त्यांच्या गाडीवर आदळली आणि जीपमधला माणूस गेला. चूक यांची नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की अंग थरथरायचं. डेपोत बसून काम करायचे. घरी बोलणं जवळजवळ बंद.

त्यांची बायको लताबाई त्यांना घेऊन आल्या. ऐकूनच मी सांगितलं, हे आधी डॉक्टरांचं काम आहे, माझं नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्या न चुकता घेऊन गेल्या. पुढं डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, तरी यांचं पाऊल उचलेना. तेव्हा ते परत आले.

मी विचारलं, परत गाडी चालवायची असेल तर कशासाठी?

म्हणाले, "हिनं मला गाडी चालवताना कधीच बघितलं न्हाई."

मग हळूहळू सुरू झालं. आधी नुसतं सीटवर बसणं, मग डेपोच्या आवारात, मग सोबतीला दुसरा ड्रायव्हर घेऊन. मध्येच मागं फिरले, पुन्हा आले. नंतर येणं थांबलं. मी फोन केला नाही.

परवा मला केजला जायचं होतं. गाडीत चढले तर ड्रायव्हरच्या सीटवर शिवाजीराव. मला बघून मान हलवली आणि पुढं बघू लागले. त्यांच्या मागच्याच सीटवर लताबाई, नवी साडी नेसून. मी शेजारी बसले.

गाडी निघाली. कंडक्टर आला, लताबाईंना म्हणाला, "मावशी, कुठलं देऊ?"

"गाडी जिथवर जाती तिथवरचं दे," लताबाई म्हणाल्या. "मला जायचं कुठंच न्हाई."