विजेच्या बाजारातले मावसाजी

विजेचाही एक दिवस कापसासारखा बाजार भरेल, सकाळी तिचा भाव उघडेल, दुपारी पडेल आणि दिवेलागणीला चढेल, हे ज्या काळात अख्ख्या हिंदुस्थानात एकाच माणसाला ठाऊक होतं, त्या काळात तो माणूस अकोल्यात राहत होता आणि माझ्या थोरल्या मावशीचा नवरा होता. बाकीच्या हिंदुस्थानाला याचा पत्ता नव्हता. पत्ता होता तो फक्त आमच्या नातेवाइकांना, आणि मावसाजींना एकदा नागपूरला नेऊन डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं यावर त्या सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या नात्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर कधी एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

मी मूळचा अमरावतीचा. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अकोल्याच्या एका शाळेत मला इंग्रजीचा मास्तर म्हणून नोकरी लागली आणि मी मावशीकडे राहायला आलो. त्यांना मूलबाळ नव्हतं, घर मोठं होतं, आणि मी भाड्याच्या खोलीचं नाव काढताच मावशीने माझी वळकटी स्वतः ओढत आत नेली. मावसाजी कापसाचे दलाल. रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचं आणि मालाची जात सांगायची, हा त्यांचा धंदा. पण हात धंद्यापुरता थांबत नसे. समोर येईल ते चिमटीत धरून ते ओढून पाहत. दुधावरची साय, भिजवलेली कणीक, नव्या धोतराचा काठ, सगळ्यांची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. मावशीच्या पुतणीला पाहायला आलेल्या एका मुलाच्या मिशीला त्यांनी बोलता बोलता हात घातला आणि "धागा आखूड हाये," असा निकाल त्याच्या वडिलांसमोरच दिला. ते स्थळ अर्थातच मोडलं. पुढे त्या मुलीला फार चांगलं घर मिळालं, आणि त्याचं श्रेय मावसाजी अखेरपर्यंत स्वतःच्या अंगठ्याला देत राहिले.

घरात विजेचे दिवे होते, पण ते लावण्याची रीत जगावेगळी होती. माल मंदीत घ्यावा, तेजीत त्याच्याकडे पाहू नये, हा त्यांचा नेम. संध्याकाळी सगळं गाव एकदम बटणं दाबतं, गिऱ्हाईक तुटून पडतं, म्हणजे विजेची तेजी. दुपारी तिला कुणी विचारत नाही, म्हणजे मंदी. म्हणून भर दुपारी, बाहेर अकोल्याचं ऊन भिंती भाजून काढत असताना, या घरातले सगळे दिवे लख्ख पेटलेले असत. आणि दिवेलागण झाली की मावसाजी उठून एकेक दिवा मालवत आणि कंदील लावत. नवीन आलेला पोस्टमन दुपारचे ते दिवे पाहून घरात कुणीतरी गेलं असावं अशा समजुतीने कितीतरी दिवस आमच्याशी दबक्या आवाजात बोलायचा. मीटर मंदी-तेजी काही जाणत नाही, ते दोन्ही वेळेला सारखंच फिरतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. "आज नाई जाणत," मावसाजी म्हणाले, "मीटर अजून लहान हाये, मास्तर. शिकन हळूहळू." मग कंदिलाच्या उजेडात मुलांच्या वह्या तपासत मीटर वयात येण्याची वाट पाहणं एवढंच माझ्या हाती उरलं. मावशी या सगळ्याकडे लोक हवापाण्याकडे पाहतात तसं पाहायची. "त्यायचा बाजार हाये, चालू दे," एवढंच म्हणायची आणि मग खोकायची.

तो खोकला हीच त्या घरातली एकमेव गंभीर गोष्ट होती. चुलीच्या धुराने मावशीची छाती भरून यायची. स्टोव्ह आणला, तर रॉकेलच्या वासाने ती जास्तच गुदमरायची. एका वर्षी मी आणि मावसाजींनी तिला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि मावसाजींना बाजूला घेऊन सांगितलं की आणखी काही वर्षं हा धूर असाच छातीत गेला तर मग माझ्याकडे आणू नका. मावसाजी परतीच्या गाडीत खिडकीबाहेर पाहत बसले होते. वैशाखाचे दिवस होते आणि बाहेर नुसतं ऊन ओतत होतं. बडनेरा गेल्यावर ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढा माल उघड्यावर पडून हाये, अन् कोणी गाडी घेऊन येऊन नाई राहिलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मावशीच्या लग्नातली पत्र्याची पेटी कपडे बाहेर काढून गच्चीवर नेली. आतून काळा रंग दिला, वर काच बसवली, आणि गावातलं एक सलून बंद पडलं होतं तिथले आरसे आणून पेटीच्या चारही बाजूंनी तिरपे उभे केले. उन्हावर स्वयंपाक करणाऱ्या शेगडीबद्दल त्यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं. बाकीचं डोकं त्यांचं. सकाळी तुरीची डाळ आणि तांदूळ पेटीत ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी पेटी सरकवत छत्री घेऊन शेजारी बसायचं. पहिल्या दिवशी डाळ शिजली तेव्हा आमची भूक लागून मरूनही गेली होती. पण ती शिजली. हळूहळू सूर्याचा हात बसला. एकच गोष्ट त्याला कधी जमली नाही, ती म्हणजे ज्वारीची भाकर. आणि मावसाजी तर भाकरीवाचून जेवणाला जेवण न म्हणणारे गृहस्थ. पण त्या दिवसापासून उन्हाळाभर त्यांनी भाकरीचं नाव काढलं नाही. चूल पेटायची नाही म्हणजे नाही. मी विचारलं तर म्हणाले, भाकरीत तसा काही दम नसतो, उगाच पोटाला सवय लागलेली असते. हे बोलताना ते मात्र माझ्याकडे पाहत नव्हते.

आरशांचा उजेड सूर्याबरोबर फिरायचा आणि बरोबर भर दुपारी शेजारच्या निवृत्त नायब तहसीलदारांच्या खिडकीतून आत जाऊन त्यांच्या झोपलेल्या टकलावर स्थिर व्हायचा. त्यांनी आधी तो वयाचा दोष मानला, मग पित्ताचा. खरं कारण कळल्यावर ते वकिलाकडे जायला निघाले. मावसाजींनी त्यांना गच्चीवर नेलं, पेटी दाखवली आणि बाजाराच्या रिवाजाने तोडगा काढला: तुमच्या डोक्यावरून आमचा माल जातो, तेव्हा रोज दुपारी वाटीभर वरण तुमचं. तहसीलदारांनी चव घेतली आणि खिडकीशी डोकं करून झोपणं चालू ठेवलं. पुढे पुढे तर ढग आले की तेच गच्चीच्या भिंतीवरून चौकशी करायचे.

ढग हीच खरी अडचण होती. मृगाच्या सुमारास आभाळ भरून आलं की पेटी खाली यायची, चूल पेटायची आणि मावशीचा खोकला परत सुरू व्हायचा. दोन पावसाळे मावसाजींनी हे पाहिलं. त्याच सुमारास अकोल्याजवळच्या पारसला कोळशावर वीज तयार करण्याचं मोठं केंद्र उभं राहिलं आणि त्यांच्या मनात एक बेत शिजू लागला. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. एवढंच दिसलं की ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांनी आपलं कापसाचं गोडाऊन रिकामं केलं, वरचे पत्रे बदलले, जमीन चोपून घेतली आणि ओल कुठे राहिली आहे का हे पाहायला सगळ्या भिंतींवरून स्वतः हात फिरवला. एक दिवस मला म्हणाले, उद्या शाळेत रजा टाका, आपल्याला पारसला जायचं आहे, तिथले साहेब इंग्रजीत बोलत असतील.

साहेब इंग्रजीत बोलत नव्हते. ते पुण्याचे निघाले, तरुण होते आणि अतिशय नम्र होते. मावसाजींचं मराठी मात्र त्यांना मलाच समजावून द्यावं लागलं. दलालांच्या रीतीप्रमाणे मावसाजींनी आधी उपरणं पुढे केलं, त्याखाली साहेबांचा हात धरला आणि त्यांची बोटं दाबायला सुरुवात केली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भाव विचारताहेत, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कशाचा, आणि मी म्हणालो, विजेचा. तरीही त्यांनी हात काढून घेतला नाही, त्यावरून हा मनुष्य सज्जन आहे हे मी ओळखलं.

मग मावसाजींनी नमुना मागितला. साहेबांनी आम्हाला आत नेलं. अजस्र यंत्रं गरगरत होती, पायाखालची जमीन घुमत होती. मावसाजींचा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे गेली, तेव्हा साहेबांनी त्यांचं मनगट पकडलं आणि इथे कशालाही हात लावायचा नाही असं सांगितलं. मग जात कशी ओळखता, असं मावसाजींनी विचारलं. वीज सगळी एकाच जातीची असते, हे उत्तर ऐकून त्यांनी माझ्याकडे सूचक नजर टाकली. सगळा माल एकाच जातीचा आहे म्हणणारे व्यापारी त्यांनी फार पाहिले होते. पण आपल्याला गरज आहे, म्हणून ते मुद्द्यावर आले. गोडाऊन तयार आहे, पत्रे नवे आहेत, ओल बिलकुल नाही, चार महिन्यांचा माल एकदम उचलतो.

साहेब हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाहेर आणून झाडाखाली बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, वीज अशी भरून ठेवता येत नाही. इथे जितकी तयार होते तितकी त्याच क्षणी कुणीतरी वापरत असतं."

मावसाजींनी विचारलं, "मंजे कोणालेच दाबून ठेवता येत नाई?"

"नाही."

"सरकारलेबी नाई?"

"सरकारलाही नाही."

त्यांनी उपरण्याने मान पुसली. इतका खचलेला मी त्यांना बाजार पडल्यावरही पाहिला नव्हता. मग जमिनीकडे पाहत हळूच म्हणाले, "पावसाळ्यात आमच्या घरी धूर होते, साहेब. तिले सोसत नाई."

तेव्हा कुठे त्या माणसाला सगळं समजलं. तो त्यांच्या शेजारी मातीतच बसला आणि बारकाईने चौकशी करू लागला. स्वयंपाकाला विजेची शेगडी मिळते, नागपूरला नक्की मिळेल, कंपनीकडे अर्ज करून जाड तार घ्या, साठवायची गरजच नाही, हवी तेव्हा तारेतून येईल. मावसाजी ऐकत होते, पण मनातली शेवटची शंका काही जाईना. "पण तेजीत घ्यावी लागन नं," ते म्हणाले.

"संध्याकाळी आमच्यावर ताण असतो खरा," साहेब म्हणाले. "दुपारी घ्या. दुपारी मागणी नसते, यंत्रं नुसती फिरत असतात. तेव्हा कुणी वापरली तर उलट आम्हालाच बरं."

मावसाजी माझ्याकडे वळले. त्या नजरेत विजय नव्हता. दूरच्या गावात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा, तसं काहीतरी होतं. गाडीत बसल्यावर ते कधी नव्हे इतके खुशीत होते. गोडाऊन वाया गेल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं होतं. "कापूस पाहिला, तूर पाहिली, सरकी पाहिली," ते म्हणाले, "दाबून न ठेवता येणारा माल जिंदगीत पयल्यांदा पाहून राहिलो." स्टेशनात उतरेपर्यंत ते मान हलवत होते, एखाद्या थोर माणसाचं दर्शन घेऊन आल्यासारखे.

शेगडी आली ती श्रावणात. रबरी बूट घालून, लाकडी पाटावर उभं राहून, दाराशी तहसीलदारांना साक्षीला ठेवून मावसाजींनी भर दुपारी बटण दाबलं. तार लाल झाली. मावशी आधी पुढे यायलाच तयार नव्हती. धूर नाही म्हणजे विस्तव नाही, आणि विस्तव नाही तर हे तापलं कशाने, असा तिचा रास्त प्रश्न होता. मग तिने तवा ठेवला, भाकर थापली, आणि ती फुगली. मावसाजींनी ती उभ्यानेच तोडून खाल्ली. तोंड भाजलं असणार, पण बोलले नाहीत. मावशी रिकाम्या हाताने स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभी राहून चारी भिंतींकडे पाहत होती. "धुराच्या आडून कधीमधी रडून घेता येत होतं," ती मला म्हणाली, "आता तेबी गेलं." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला हसताना खोकला आला नाही, हे आम्हा तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली, लग्न झालं, संसार वाढला. मावशीची छाती पुष्कळ सुधारली. डॉक्टरांनी दिलेली मुदत ती कधीच ओलांडून गेली, आणि गेले ते मावसाजीच. साठच्या दशकातल्या एका थंडीत, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, दोन दिवसांच्या तापाने गेले. त्यांना नागपूरच्या डॉक्टरला दाखवायला निघालेले सगळे नातेवाईक तेराव्याला जमले होते. स्वयंपाक भर दुपारी शेगडीवरच झाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशीला कायमची अमरावतीला आणावी म्हणून मी अकोल्याला गेलो. दार उघडंच होतं. ती वर गच्चीवर होती, डोक्यावर ओला पंचा टाकून. एकटीपुरती डाळ ठेवली होती आणि दोन्ही हातांनी पेटी सूर्याकडे वळवत होती. मी म्हणालो, आता इथे कुणासाठी थांबतेस, घर आवर आणि चल. तिने आरसा नीट केला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता नाई येत," ती म्हणाली. "उन्हाचा हंगाम लागला हाये. मी गेली तं इथचं ऊन वाया जाईन. त्यायले नाई आवडणार."

मी तिथेच सावलीला बसलो. दुपारी तिने मला वरणभात वाढला, आणि संध्याकाळच्या गाडीने मी एकटाच परत आलो. आषाढात आभाळ गच्च भरून आल्यावर, न कळवता, ती एका पिशवीनिशी आमच्या दारात उभी राहिली. माझी बायको पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता चार महिने मी मोकळी हाये, बाई."